चोवीस बाकं आणि एक चिंधी

आईबापांनी तिचं नाव चांगलं चार अक्षरी ठेवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सगळे तिला आत्ताबाई म्हणायचे. जेवायचं कधी? आत्ता. निघायचं कधी? आत्ता. दूध तापत ठेवलं की ती पातेल्यासमोर डोळे वटारून उभी राहायची, आणि दूध बिचारं घाबरून वर यायचं. तिच्या लग्नात पाळकसाहेब "तू या पुरुषाला..." इतकंच म्हणाले, तेवढ्यात ही "हो!" म्हणून मोकळी झाली. बाकीचं त्यांनी आपलं पुस्तक उघडलंय म्हणून वाचलं. नवरा धंद्याने शिंपी, स्वभावाने मऊ. तो म्हणायचा, "मला विचार करायला वेळच मिळाला नाही, म्हणून संसार टिकला."

तिचा थोरला भाऊ अगदी उलट टोकाचा. त्याचं नाव बघूदादा. त्याला जाऊन सांगा, "दादा, शर्टाला आग लागलीय!" तो म्हणणार, "बघू," आणि आधी चष्मा पुसणार. त्याने जन्माला येताना इतका वेळ लावला म्हणे, की सुईण मधे घरी जाऊन जेवून, डुलकी काढून परत आली तरी स्वारी वाटेतच.

वडील सुतार होते. दुकान घरालाच लागून. पुढे मोठं दार, मागे खिडकी, मधे दोन टेबलं, आणि जमिनीवर इतका भुसा की हरवलेला रंधा पायाने शोधायचा. वडील सांगायचे, "देवाने माझ्या एका पोराला चाकं लावलीत आणि दुसऱ्याला ब्रेक. दोघं एकत्र राहिलात तर गाडी चालेल." आणि खरंच चालली. दादा लाकूडकाम करायचा, ही पॉलिश-वॉर्निश. दाराजवळच्या भिंतीत दोन खिळे होते. एकावर दादाची हत्यारांची पिशवी, दुसऱ्यावर हिचा एप्रन.

वॉर्निशचा एक कायदा वडिलांनी घालून दिला होता. बोटाला सुकलं म्हणजे सुकलं असं नाही. बोट लावून बघितलं तर कोवळं वॉर्निशसुद्धा तुम्हाला फसवतं, वरून साय धरल्यासारखं कोरडं लागतं. म्हणून चिंधी. जाड विणीच्या कापडाची चौपदरी चिंधी लाकडावर ठेवायची, तिच्यावर लोखंडाचा ठोकळा, आणि घड्याळ लावून एक तास थांबायचं. ठोकळा उचलल्यावर विणीचा ठसा दिसला, की पुन्हा आठ दिवस हात लावायचा नाही. आत्ताबाईने आयुष्यभर या चिंधीचा जितका राग केला तितका कुणा माणसाचा केला नाही.

सात वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी जेवणाचं टेबल करायला दिलं. दादाने ते चाळीस दिवस घासलं. एवढं, की त्यावरून चालणारी माशी घसरून पडायची आणि पुन्हा वर येऊन मुद्दाम घसरायची. वॉर्निश झालं. चिंधी ठेवली, ठसा उमटला. दादा म्हणाला, "आठ दिवस." तो दुपारचा घरी जेवायला गेला, आणि तेवढ्यात आत्ताबाईने बोट लावून बघितलं, "सुकलंय की!" म्हणाली, आणि हातगाडी बोलावून टेबल पोचतं केलं. डॉक्टरीणबाईंनी हौसेनं नवा टेबलक्लॉथ घातला. तो आजतागायत तिथेच आहे. धुवायचा झाला तर टेबलासकट अंगणात काढावा लागतो.

दादाने काही आरडाओरडा केला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिळ्यावरची पिशवी काढली, दारात क्षणभर थांबला, म्हणाला, "चाळीस दिवस, आत्ता. आणि तुला आठ दिवस जड झाले." आणि गेला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. रिकामा खिळा डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून आत्ताबाईने आठवड्याच्या आत त्याच्यावर स्वतःची छत्री अडकवली.

चूक तिची होती, आणि ती तिला मान्य होती. पण माफी मागायची तीही तिच्याच पद्धतीने. एका आठवड्यात पाच पत्रं लिहिली, पाचव्यात विचारलं, "पहिल्या चारांचं उत्तर कुठाय?" कारखान्याच्या फाटकात उभी राहिली, आणि भोंगा झाल्यावर तीनशे कामगारांसमोर ओरडली, "दादा, मला माफ कर, आणि आत्ता कर, मला भाजी चढवायचीय!" तीनशे माणसं हसली. दादा लालबुंद झाला, सायकलवर टांग टाकून निघून गेला.

रविवारी तो चर्चमध्ये यायचा. सगळ्यात शेवटच्या बाकावर, दाराच्या कडेला बसायचा आणि शेवटच्या आशीर्वादातलं "आमेन" म्हणायच्या आत पसार. ही पुढून धावत यायची तोवर दार नुसतं हलत असायचं. ती मागे मागे बसायला लागली तसा तो आधी आधी निघायला लागला. शेवटी असं झालं, की बिचाऱ्याला सात वर्षांत एकदाही आशीर्वाद पुरा मिळाला नाही.

पाळकसाहेब वयस्कर, बुटके, आणि गमतीदार होते. ते एकदा तिला म्हणाले, "अहो बाई, त्याला जरा श्वास घेऊ द्या. तुम्ही माफी मागताय की वसुली करताय?"

"मग करू काय?"

"थांबा."

"किती वेळ?"

"हे बघा, इथेच चुकतंय."

घरी येऊन तिने गुडघे टेकले. "देवा, मला धीर दे," ती म्हणाली, आणि उठता उठता, "आणि जरा लवकर दे."

मग बाकांचं काम आलं. चर्चची चोवीस बाकं इतकी जुनी झाली होती की बसलं की कुरकुरायची, आणि प्रवचन लांबलं की त्यांची कुरकुर मंडळींच्या आधी सुरू व्हायची. पाळकसाहेबांनी ती आत्ताबाईकडे दिली. म्हणाले, "महिना लागो, दोन लागोत. आम्ही तोवर अंगणात खुर्च्या टाकून बसू. घाई नाही." हे दोन शब्द त्यांनी तीनदा म्हटले, एकदा बोट वर करून.

तिने काम चोख केलं, ते मात्र कबूल करायला हवं. बाकं घासली, सांधे बसवले, दोन हात वॉर्निश मारलं. त्याच आठवड्यात वहिनी दुकानात आली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, या सात वर्षांत दोन्ही घरांत येऊन-जाऊन असायची. नणंदेशी तिचं भांडण नव्हतं.

"वन्सं, एक सांगते, पण उडी मारू नका."

"मी कधी उडी मारते?"

"आत्ताच मारलीत. खाली बसा. काल जेवताना हे म्हणाले, चर्चची बाकं आत्ताकडे आलीत ना? ती चर्चमध्ये नीट होऊन आलेली दिसली, तर एकदा दुकानात जाऊन येईन म्हणतो."

आत्ताबाईच्या हातातला ब्रश खाली पडला. सात वर्षांनी दादा दुकानात येणार! बाकं नीट झाली की. मग ती कधी होणार? तिने बोट लावलं. कोरडं. दुसऱ्या बाकाला लावलं. कोरडं. कोपऱ्यात ठोकळा आणि चिंधी होती. चिंधीने तिच्याकडे बघितलं, तिने चिंधीकडे. "तू गप्प बस," ती म्हणाली.

वॉर्निशला तेव्हा अवघे सहा दिवस झाले होते. शनिवारी दुपारी चोवीस बाकं चर्चमध्ये पोचली. पाळकसाहेब म्हणाले, "झालीसुद्धा?" ती म्हणाली, "बोट लावून बघा." त्यांनी लावलं. "कोरडं आहे खरं," ते म्हणाले, आणि खुश होऊन प्रवचन लिहायला गेले. विषय होता धीर.

रविवारी सकाळपासून उकडत होतं. चर्च गच्च भरलं. बाकं अशी चकाकत होती की बायका बसायच्या आधी त्यांत केस नीट करून घेत होत्या. आत्ताबाई बसली नाही. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, दादाचा चेहरा दिसावा म्हणून. तो आला. शेवटच्या बाकाशी थांबला. पाठीच्या फळीवरून तळवा फिरवला, सांध्यावर अंगठा दाबला, आणि पसंतीची मान हलवली. नीट हलवली! आणि बसला. आत्ताबाईला वाटलं, छातीतलं धडधडणं पेटीवाल्याला ऐकू जाईल आणि तो त्याच तालात गीत सुरू करेल.

पाळकसाहेब बोलायला लागले. "धीर म्हणजे दात आवळून बसणं नव्हे," ते म्हणाले. "तसं तर दाढ दुखणारा माणूसही बसतो. धीर म्हणजे दुसऱ्यासाठी जागा ठेवणं. देव आपल्या दारात घड्याळ घेऊन उभा राहत नाही. आपण यावं म्हणून तो जागा ठेवतो, आणि आपण येईपर्यंत ती दुसऱ्या कशानेही भरत नाही. आणि असा धीर आपल्या ताकदीने येत नाही बरं का. ते आत्म्याचं फळ आहे. फळ झाडावर येतं आणि झाडावरच पिकतं. रोज दाबून बघितलंत तर हाती येईल तो नुसता लगदा."

आत्ताबाईला दुकानातल्या खिळ्यावरची छत्री आठवली. का आठवली कोण जाणे. ती झटकून टाकावी तर जाईना.

प्रवचन पाऊण तास चाललं. पाऊण तास दोनशे माणसांची ऊब त्या कोवळ्या वॉर्निशला मिळाली. आणि मग पाळकसाहेब म्हणाले, "शेवटच्या गीतासाठी आपण उभे राहू या."

पेटी वाजली. कुणी उभं राहिलं नाही.

पाळकसाहेबांना वाटलं, प्रवचन फारच भिडलं. ते पुन्हा म्हणाले, "उभे राहू या." पहिल्या बाकावर शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या, अंगात फुलाफुलांचा झगा. आयुष्यात हुकूम मोडला नव्हता. त्या जोर करून उठल्या. त्यांच्याबरोबर बाकही उठलं. बाकावरची बाकीची सहा माणसं पाय लोंबकळत वर गेली आणि धप्पकन खाली आली. मागून कुणाची तरी पॅंट चर्रर्र झाली. बापे माणसं एकमेकांकडे बघेनात. तिसऱ्या बाकावरचा एक जाडजूड बेकरीवाला म्हणाला, "पाळकसाहेब, मला धीर शिकायचा होता, पण इतका नाही!"

चर्चमध्ये असं हसू फुटलं की खिडकीवरची कबुतरं उडाली. एक आत्ताबाई तेवढी हसली नाही. तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं. दादा दोन्ही हात टेकवून उठू पाहत होता. उठता येत नव्हतं.

दादा चिकटला होता!

आता ऐका, तिच्या मनात काय आलं. सात वर्षं हा माणूस तिच्या हातातून निसटत होता. पत्रातून निसटला, फाटकातून निसटला, आमेनच्या आधी निसटला. आणि आज तो जागेवर होता. दोन पावलं पुढे जायचं, त्याच्या समोर उभं राहायचं, आणि सात वर्षांचं सगळं बोलून टाकायचं. आत्ता! तो जाणार कुठे? अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. तिचं एक पाऊल पुढे पडलंसुद्धा.

दादाने मान वर केली. त्याने तिला बघितलं, मग बाकाकडे, मग पुन्हा तिला. रागावला नव्हता. दमला होता. सापळ्यातला प्राणी सापळा लावणाऱ्याकडे बघतो तसा बघत होता.

तिचं दुसरं पाऊल पडलंच नाही. "देवा," ती मनात म्हणाली, आणि पुढे "लवकर" हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच आला नाही. तिने पदर वगैरे काही खोचला नाही, सरळ बाह्या सरसावल्या, आणि मधल्या वाटेने चालत पार पहिल्या बाकाशी गेली. गुडघे टेकले.

"बाई, चूक माझी आहे," ती मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली. मग उठून सगळ्यांकडे तोंड केलं. "ऐका. पाळकसाहेबांनी घाई नाही म्हणून सांगितलं होतं. मी घाई केली. चिंधी ठेवली नाही. कुणी ओढाओढी करू नका, मी एकेकाला सोडवते."

बोलणं सोपं होतं. ती बोटांनी ओढायला लागली, तर झग्यावरची फुलं फाटायला लागली. दोन फुलं बाकावरच राहिली. तिला घाम फुटला.

तेव्हा सगळ्यात मागून आवाज आला. "ओढू नकोस, आत्ता. ऊब लागलीय त्याला. थंड पाण्याचं फडकं बाकाखाली धर. गार झालं की आपसूक सोडेल."

सात वर्षांतलं पहिलं वाक्य. तेही फडक्याबद्दल! तिने मागे वळून बघितलं नाही. "बरं, दादा," इतकंच म्हणाली.

पाळकसाहेबांनी स्वतः बादल्या भरून आणल्या. एका बाकाला दहा मिनिटं. फडकं धरायचं, थांबायचं, सुरीची पातळ पाती कापडाच्या कडेने अलगद सरकवायची. घाई केली की टरकन फाटायचं. ते दुसऱ्या बाकावरच कळलं. तिसऱ्यापासून तिच्या हातांना समजायला लागलं. मोकळी झालेली माणसं घरी जाईनात. मजा बघायला आणि फडकी पिळायला थांबली. पेटीवाला वाजवत राहिला, मंडळी बसल्या जागी गात राहिली. नवरा सुटल्या सुटल्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि प्रत्येक पॅंटचं माप डोळ्यांनीच घेऊ लागला. "ही बाई माझं सहा महिन्यांचं काम काढते," तो म्हणत होता, "आणि तेही फुकट करायला लावणार."

दुपारचे तीन वाजले तेव्हा ती चोविसाव्या बाकाशी आली. त्यावरची बाकीची माणसं सुटली, एकटा दादा उरला. तो कॉर्डरॉयच्या, उठावदार रेघारेघांच्या जाड पॅंटीत बसला होता, मांडीवर टोपी. तिने बाकाखाली फडकं धरलं. दहा मिनिटं. दोघांच्या मधे एक हाताचं अंतर होतं. तिच्या जिभेवर पाचही पत्रं येऊन रांगेत उभी होती. तिने त्यांना बसवलं. पाती घेतली, एकेक धागा न दुखवता कापड सोडवलं.

"सुटलास दादा," ती म्हणाली. "दार उघडं आहे."

तो उठला. मागे हात लावून चाचपलं. टोपी घातली, दारापर्यंत गेला. तिच्या पायांनी धावायची तयारी केली होती; तिने ते जमिनीला दाबून धरले. सायकलचा आवाज आला, लांब गेला, नाहीसा झाला. तिला रडू आलं, पण हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला तरी जाऊ दिलं होतं.

"मागे नाही गेलात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग आज प्रवचन तुम्ही केलंत. मी नुसता बोललो."

दुसऱ्या दिवशी बाकं दुकानात परत आली. तिने दार उघडलं आणि सगळ्यात आधी खिळ्यावरची छत्री काढली. कोपऱ्यात उभी केली. खिळा रिकामा दिसला, खुपला, पण या वेळी तिने तो तसाच ठेवला. मग बाकं खरवडायला घेतली. त्यांवर सगळ्या मंडळीचे ठसे होते. बेकरीवाल्याचा सगळ्यात मोठा, त्यात दोन माणसं सहज बसली असती. तेवीस बाकं खरवडून झाली. चोविसाव्याशी येऊन ती थांबली. त्यावर रेघारेघांच्या पॅंटीचा ठसा होता. "हे शेवटी बघू," ती म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून दादाचा शब्द ऐकून दचकली.

नवं वॉर्निश झालं. पंधरा दिवसांनी तिने चिंधी ठेवली, ठोकळा ठेवला, आणि तासभर त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. ठसा उमटला. आठ दिवसांनी पुन्हा. हलकासा, पण होता. शिंप्याला काळजी वाटायला लागली. "तुझी तब्येत बरी आहे ना?" तो विचारायचा. वहिनी आली, तिला पोटभर गप्पा मारून परत पाठवली, दादाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. वहिनी घरी जाऊन म्हणाली, "अहो, वन्सं आजारी आहेत."

आणखी आठ दिवसांनी ती ठोकळ्यासमोर बसली होती. तास भरायला पाच मिनिटं होती. दारात सावली पडली. तिने वळून बघितलं नाही. तास अजून व्हायचा होता ना!

"आजारी आहेस म्हणे," दादा म्हणाला.

"नाही. वाट बघतेय."

"कुणाची?"

तिने ठोकळ्याकडे बोट दाखवलं. तो आत आला, दुसरं स्टूल ओढलं, शेजारी बसला. पाच मिनिटं दोघं एका लोखंडाच्या तुकड्याकडे बघत बसली, जशी बाकीची माणसं सिनेमा बघतात. घड्याळ वाजलं. ती हलली नाही. "तू उचल," ती म्हणाली.

त्याने ठोकळा उचलला, चिंधी काढली, चष्मा पुसला, खाली वाकून तिरप्या उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं. ठसा नव्हता.

"टेबलाचं वाईट वाटतं रे," ती म्हणाली. "फार वाईट वाटतं. उत्तर आज नको देऊस."

"उत्तर काय," तो म्हणाला, "मी त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्याच दिलं होतं. तू बेकरीवाल्याला सोडवत होतीस तेव्हा. पण म्हटलं, बघू, टिकतंय का."

"पाच आठवडे बघितलंस?"

"आणि तू पाच आठवडे आली नाहीस."

ती हसली, तोही हसला, इतकं की छतावरचा सात वर्षांचा भुसा खाली आला. मग त्याने कारखान्यातून आणलेली पिशवी खांद्यावरून उतरवली, भिंतीकडे बघितलं, आणि खिळा मोकळा दिसला तसा तिथे अडकवली. पुढे चोविसाव्या बाकाशी जाऊन थांबला.

"हे का खरवडलं नाहीस?"

"तुझं आहे. तुला विचारून करावं म्हटलं."

त्याने त्या रेघांवरून हात फिरवला. "राहू दे," तो म्हणाला. "मला माझी जागा शोधायला बरी."

ते बाक अजून चर्चमध्ये सगळ्यात मागे आहे. दर रविवारी दोघं भावंडं त्यावर बसतात, आणि सगळी मंडळी निघून गेली तरी ती दोघंच मागे उरतात, कारण दादाला आता आशीर्वाद शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकायचा असतो, आणि ती बाहेर त्याच्याआधी जात नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. रेघा मोजा. बत्तीस आहेत.